चिऱ्याच्या मधोमध

अण्णा खाटेवरून उठतात ते तीन टप्प्यांत. आधी दोन्ही पाय जमिनीला टेकतात, मग उजवा हात भिंतीकडे जातो आणि काहीतरी धरतो, आणि मग कंबर वर येते. मधला टप्पा सगळ्यात नाजूक. जे धरायचं ते न शोधता हाताला लागलं पाहिजे, आणि धरल्यावर तसूभरही हलता कामा नये. आमच्या माजघरात त्या भिंतीवर आता फणसाची एक फळी आहे. पाच फूट लांब, दहा इंच रुंद, सव्वादोन इंच जाड. खाली घोडी नाही, ब्रॅकेट नाही, वरून साखळी नाही. नुसती भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसते. घरी येणारा प्रत्येक जण वाकून खालून बघतो आणि विचारतो, ही कशावर उभी आहे? उभ्या उभ्या सांगून संपणारं ते नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे.

ही फळी ज्या झाडाची, ते झाड ३ जून २०२० ला पडलं. निसर्ग चक्रीवादळ लागलं रायगडच्या किनाऱ्याला, पण खाडीच्या अलीकडे आमच्या दापोली-मंडणगडातही त्यानं हातचं काही राखलं नाही. पोफळी मधोमध मोडल्या, माड आडवे झाले, आजोबांच्या हातची हापूसची कलमं मुळासकट वर आली. परसातला बरका फणस गोठ्याच्या पाख्यावर पडला. गोठ्यात गुरं नव्हती, ती आधीच विकली होती. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या फणसाच्या रसाची सांदणं करायची ती, शेजारच्या चार घरांना पुरतील इतकी. वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. मी तेव्हा पुण्याला होते, फोन लागत नव्हता. नंतर शेजारच्या वहिनींनी सांगितलं की अण्णा रोज सकाळी चहा घेऊन त्या पडलेल्या खोडावर जाऊन बसत.

लाकूड घेणारे गावोगाव फिरत होते. सगळ्यांच्याच परसात झाडं पडलेली, त्यामुळे भाव सरपणाचा. अण्णांनी एवढंच सांगितलं, "हा घराबाहेर जाणार नाही."

पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या पुढे, खोड गिरणीत नेऊन चिरलं. फणसाचं ताजं चिरलेलं लाकूड ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावं. हळदीसारखं पिवळं असतं ते. आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवायला हाच गाभा उकळतात. तंजावरची वीणा ह्याच लाकडाची. वाळवी ह्याच्या गाभ्याला सहसा शिवत नाही, म्हणून कोकणातल्या जुन्या घरांत दारं-चौकटी फणसाच्या दिसतात. आणि हा पिवळा रंग टिकत नाही. उजेड लागेल तसा तो मधासारखा होतो, मग तांबूस, मग काळपट तपकिरी. ह्या रंगाकडे मी पुढे परत येणार आहे.

फळ्या माळ्यावर रचल्या. दोन फळ्यांच्या मध्ये रिपांचे तुकडे, म्हणजे वारा सगळीकडून खेळेल. आणि दोन्ही टोकांना ऑइलपेंटचा जाड हात, कारण लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर निघून जातं आणि तिथंच आधी चीर पडते. सुतारकाकांचा हिशेब इंचाला एक वर्ष असा. अडीच इंची फळी, म्हणजे अडीच वर्षं. आमच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने त्यातून वजाच धरायचे. त्यामुळे तीन वर्षं तिला कोणी हात लावला नाही. दरम्यान २०२१ मध्ये मी पुण्याची नोकरी सोडून गावी आले.

---

भिंतीवर आधी एक पत्र्याची मांडणी होती, दोन लोखंडी घोड्यांवर. खाऱ्या हवेनं त्या घोड्या गंजून पापुद्रे सुटले होते. एकदा उठताना अण्णांचा गुडघा घोडीच्या कोपऱ्याला घासला. ह्या वयात कातडी कागदासारखी होते. त्यात त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू. तासभर रक्त थांबत नव्हतं. वॉकरही त्या घोडीत अडकायचा. तेव्हाच ठरलं की इथं खालची बाजू पूर्ण मोकळी असेल असं काहीतरी हवं, ज्याच्याखाली वॉकर सरकेल आणि गुडघ्याला काही लागणार नाही.

मी आधी सुचवलं होतं की सरळ स्टीलचा दांडा बसवू, न्हाणीघरात असतो तसा. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगो, मला घरात राहायचंय. दवाखान्यात नाही." त्यानंतर दांड्याचा विषय मी काढला नाही. फळीवर रेडिओ असतो, चष्म्याचं घर असतं, पंचांग असतं. तिला धरलं तरी ते आधार घेतल्यासारखं दिसत नाही. त्यांना ते हवं होतं, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटलं नाही.

दिवाळी २०२३ ला फळी पहिल्यांदा बसली. त्या कामाला बाहेरून एक माणूस बोलावला होता. त्यानं तयार मिळणारं छुपं ब्रॅकेट आणलं: दीड इंच रुंदीची लोखंडी पट्टी, तिला समोर चार बारीक सळया जोडलेल्या. पट्टी भिंतीला पाच स्क्रूंनी आवळायची, सळयांवर फळी सरकवायची. अर्ध्या तासात काम झालं. दिसायला ती फळी आजच्यासारखीच दिसत होती, अगदी तशीच. हे मी मुद्दाम सांगते.

जानेवारीत एका पहाटे अण्णा उठत असताना ती निघून आली. ते मागे खाटेवरच बसले गेले, म्हणून वाचले. मनगट सुजलं. फळीचा एक कोपरा उडाला, पट्टी वाकून लोंबत होती, आणि भिंतीत पाच भोकं होती, त्यांतून लाल माती गळत होती. मी खाली बसून ती माती हातात घेतली. स्क्रूबरोबर प्लॅस्टिकचे प्लग अख्खेच्या अख्खे बाहेर आले होते. दोन दगडांतले, तीन सांध्यांतले.

त्या दिवशी मी वहीत हिशेब मांडला. तो आधी मांडायला हवा होता. पहारीनं धोंडा उचलतो तेव्हा आपण जे करतो, तेच फळी भिंतीला करते. तुमचा हात फळीच्या पुढच्या कडेवर, म्हणजे भिंतीपासून पंचवीस सेंटिमीटरवर. पट्टीची खालची कड हा टेकू. स्क्रू त्या टेकूपासून फक्त दोन सेंटिमीटर वर. म्हणजे हाताचा भार साडेबारा पट होऊन स्क्रूला ओढतो. अण्णांचं वजन साठ किलो. उठताना सगळा भार हातावर आला असं धरलं, तर साडेसातशे किलोची ओढ, पाच स्क्रूंवर. निम्मा भार धरला तरी पावणेचारशे. आणि त्यातही टोकाला हात पडला की ओढ पाचांत सारखी वाटली जात नाही, टोकाच्या स्क्रूवर सगळ्यात जास्त येते. तयार ब्रॅकेटच्या खोक्यावर लिहिलेलं वजन असतं ते पसरून ठेवलेल्या सामानाचं, पक्क्या भिंतीवरचं. त्या माणसानं आम्हाला विचारलं होतं, फळीवर काय ठेवणार? आम्ही म्हणालो, रेडिओ आणि पुस्तकं. ती कोण धरणार, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

---

आता भिंतीबद्दल. आमचं घर १९७४ सालचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. नऊ इंची भिंत, मातीत बांधलेली, आतून गिलावा, बाहेरून चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, नुसत्या सिमेंटनं भरलेल्या. कोकणात अशी घरं अजून पुष्कळ आहेत आणि त्यांत राहणाऱ्यांना आपल्या भिंतीचा स्वभाव माहीत असायला हवा, कारण ड्रिल घेऊन येणाऱ्याला तो बहुतेक वेळा माहीत नसतो.

जांभा म्हणजे सड्यावरचा, डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरचा, तो तांबडा, भोकाभोकांचा दगड. लाखो वर्षं ऊन आणि मुसळधार पाऊस आलटून पालटून मिळाला की मूळ खडकातलं विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं. तांबडा रंग त्या लोहाचा. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. उघड्यावर राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाचा इंग्रजांच्या नोकरीतला डॉक्टर मलबारात फिरला तेव्हा लोक जमिनीतून अशा विटा कापून काढताना त्यानं पाहिल्या, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ह्या दगडाला त्यानं लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात, त्यावरून. आपल्याकडे खाणी आता यंत्राच्या करवतीनं कापतात, चिरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत निघतो. आमच्या भिंतीतले चिरे हातानं तासलेले. पडवीकडून बघितलं तर प्रत्येकावर तासणीच्या तिरप्या रेघा आहेत.

हा दगड दाबलेला सोसतो, ओढलेला सोसत नाही. रावळप्लग किंवा फुगणारा बोल्ट काँक्रीटमध्ये घट्ट बसतो तो आजूबाजूला जोर लावून. जांभ्यात तेवढा जोर लावला की भोकाच्या कडा चुरतात आणि बोल्ट आपल्याच चुऱ्यात सैल होतो. सांध्यातल्या मातीबद्दल तर बोलायलाच नको.

मग जुन्या लोकांनी काय केलं? ह्याचं उत्तर घरातच होतं, ओटीवरच्या खुंट्यांत. भिंत बांधतानाच खुंटी आत घालत. तिचं शेपूट भिंतीत खोल, वरच्या चिऱ्यांच्या भाराखाली. बाहेरच्या टोकाला जू अडकवा, नांगर अडकवा, ती वर्षानुवर्षं हलत नाही, कारण तिथं काही ओढलंच जात नाही. तोंडाशी खुंटी दगडाला खाली दाबते आणि शेपटाशी वर दाबते. दोन्हीकडे दाबच. सुतारकाकांना मी हे वहीतल्या चित्रावर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, म्हणजे फळीला खुंट्या मारायच्या, पन फळीच्या पोटात. मग पट्टी पायजे कशाला?" पट्टी रद्द झाली.

सळया किती जाड असाव्यात ह्यावर दोन दिवस गेले. बाजारच्या ब्रॅकेटला बारा मिलिमीटरच्या होत्या, त्याही वाकल्या होत्या. गोल सळईची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनानं वाढते. बाराऐवजी सोळा घेतली तर जाडी वाढते एक तृतीयांश आणि ताकद होते सव्वादोन पटीहून अधिक. सोळाच्या पाच सळया ठरल्या. साधं लोखंड घ्यायचं नाही हे हर्णैला होड्यांची कामं करणाऱ्या एका वर्कशॉपवाल्यानं बजावलं. गंज चढला की लोखंड फुगतं, आणि भिंतीच्या आत फुगलं तर चिरा फोडतं. समुद्राकाठी ३१६ नंबरचं स्टेनलेस घ्यावं. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत साध्या ३०४ पेक्षा ते जास्त टिकतं. महाग पडलं. पण फळीच्या आत गेलेली सळई पुन्हा कधी डोळ्यांना दिसणार नव्हती, आणि जे दिसणार नाही तिथं काटकसर करायला माझा हात धजला नाही.

---

सळया कुठं घालायच्या, हे ठरवणं सगळ्यात अवघड. टेप लावून फुटाफुटावर खुणा केल्या तर निम्म्या सांध्यात पडणार, हे पहिल्या पाच भोकांनी दाखवलंच होतं. सळई प्रत्येक चिऱ्याच्या मधोमध जायला हवी. लांबीच्याही मधोमध आणि उंचीच्याही. पण आतून गिलावा. चिरा कुठं सुरू होतो, कुठं संपतो, काही दिसत नाही.

अण्णा म्हणाले, "पडवीकडून बघ. नऊ इंची भिंत आहे. जो चिरा बाहेर, तोच आत."

किती सरळ गोष्ट. चिरा भिंतीच्या लांबीत घातलेला, त्याची नऊ इंचांची बाजू म्हणजेच भिंतीची जाडी. बाहेरच्या दर्जा ह्याच आतल्या दर्जा. मी दाराच्या चौकटीपासून दोन्हीकडे मापं घेतली, पण चौकट तिरकी होती, वर आणि खाली बोटभराचा फरक येत होता. मग अण्णा वॉकर घेऊन स्वतः पडवीत गेले. हातात आईचा अडकित्ता घेतला होता. त्यांनी सांगितलं, "मी वाजवतो. तू आत हात लावून उभी राहा."

मी माजघरात गिलाव्यावर तळवा ठेवून उभी राहिले. पलीकडून पहिला ठोका आला. कानाला तो दूरचा वाटला, पण तळव्याला अगदी जवळून कळला, जणू दगडाच्या पोटातून कोणी बोटानं टिचकी मारावी. हात चार इंच डावीकडे नेला की मंद व्हायचा. दर्ज ओलांडली की जवळजवळ नाहीसा व्हायचा, कारण मधली माती तो गिळत होती. परत उजवीकडे, परत स्पष्ट. जिथं सगळ्यात ठळक, तिथं मी पेन्सिलची फुली मारायची आणि ओरडायचं, "झालं." मग पलीकडून वॉकर सरकल्याचा आवाज, थोडा वेळ शांतता, आणि पुढच्या चिऱ्यावर ठोका.

चौथ्या चिऱ्यापाशी त्यांनी बराच वेळ वाजवलं. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "हा घेऊ नको. हा बद्द वाजतोय." मी तळवा ठेवून बघितलं. खरंच, ह्याचा ठोका पसरट येत होता, त्याला टोक नव्हतं. घर बांधलं तेव्हा अण्णा तिशीचे होते, चिऱ्यांच्या गाडीबरोबर स्वतः सड्यावरून चालत आले होते. ते सांगू लागले की शेवटच्या गाडीतले काही चिरे खाणीच्या खालच्या थरातले होते, तिथं दगडात पिवळट मातीच्या गाठी असतात. गवंड्यानं दोनचार बाजूला काढले, दोनचार गेले भिंतीत. पन्नास वर्षांनी त्यांतला एक आम्हाला असा भेटला. तो सोडून आम्ही फळी एक चिरा खाटेकडे सरकवली. नाहीतरी हात तिकडेच पडणार होता.

फळीची उंचीसुद्धा अशी भिंतीनंच ठरवली. मला चौतीस इंच हवे होते, थराचा मध्य येत होता सव्वातेहतीसवर. अण्णांना बसवून, हात ठेवायला लावून पाहिलं. सव्वातेहतीस चाललं. म्हणून फळीच्या पोटातल्या सळया एकसारख्या अंतरावर नाहीत. चार चिरे, पाच सळया. पहिल्या दोन खाटेकडच्या एकाच चिऱ्यात सहा इंचांवर, पुढच्या तीन एकेका चिऱ्यात, मधली अंतरं तेरा, साडेचौदा, तेरा, जसे चिरे तसे.

---

भोकं पाडताना ड्रिलची हातोडी बंद ठेवायची, नुसतं फिरवायचं. जांभ्याला ठोके दिले की आतून कडा ढासळतात. बिटबरोबर येणारी भुकटी सांगत असते आपण कुठं आहोत ते. आधी पांढरी, गिलाव्याची. मग विटकरी, कोरडी, बोटांत चुरचुरणारी: चांगला दगड. ओलसर आणि पिठासारखी आली असती तर थांबायचं होतं. पाचही भोकं सहा इंच खोल, पाचही विटकरी. सायकलच्या पंपानं प्रत्येक भोक चार-पाच वेळा फुंकून काढलं. धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

सळई बसवायला केमिकल अँकर वापरला. दोन नळ्यांतलं रसायन बंदुकीनं एकत्र होऊन भोकात जातं, जांभ्याच्या बारीक पोकळ्यांत शिरतं आणि तिथंच दगड होतं. भोकात आधी जाळीची नळी घातली, म्हणजे एखादी मोठी पोकळी असली तर सगळं त्यातच वाहून जायला नको. अण्णा बघत बसले होते. म्हणाले, "पूर्वी शिसं ओतायचे." १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, त्याच्या पायाचे दगड शिसं ओतून बसवले असं सांगतात, ते त्यांनी शाळेत शिकवायच्या सुरात सांगितलं. ते शिक्षक होते, छत्तीस वर्षं.

खरी कसोटी पुढे होती. पाच सळया एकमेकींना समांतर आणि एका पातळीत राहिल्या तरच फळी त्यांच्यावर सरकणार. एक जरी दोरीभर तिरकी गेली तरी अर्ध्यात अडकणार, आणि रसायन कडक झाल्यावर दुरुस्ती नाही. सुतारकाकांनी त्याच फणसाच्या उरलेल्या तुकड्याचा साचा केला होता, फळीबरोबर एकत्र आखून, त्याच मापाची भोकं पाडून. भोकं त्यांनी गिरमिटानं हातानं पाडली. मशीन उगाच घाई करतं, म्हणाले. ते गिरमिट फिरवत होते आणि मी बाजूला बसून गुण्या लावून बघत होते, वर जातंय की खाली. प्रत्येक भोकाला वीस-पंचवीस मिनिटं. सात इंच खोल, वर-खाली पाऊण इंच लाकूड शिल्लक. आत शिरताना पिवळा भुसा बाहेर यायचा, तीन वर्षांनीही आतून पिवळाच, आणि अण्णा तो एका वाटीत गोळा करत होते. का, ते मी विचारलं नाही.

साचा सळयांवर चढवून, लेव्हलच्या नळीनं दोन्ही टोकं पाण्यावर आणली. मग काकांनी साच्याच्या पुढच्या बाजूखाली पोस्टकार्डाची एक घडी सरकवली. टोक केसभर वर. भार आल्यावर फळी खाली बसते, तेव्हा ती सरळ दिसावी म्हणून. चोवीस तास कोणी हात लावला नाही.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आवळतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत मात्र कळण्याइतकं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत मीठसुद्धा पाणी होतं. फळी सळयांना चिकटवून टाकली असती तर फुगताना तिला जायला जागा उरली नसती आणि ती फुटली असती. म्हणून भोकं सळईपेक्षा अर्धा इंच खोल ठेवली, गोंद कुठंही नाही. फक्त मधल्या दोन सळयांना भिंतीलगत आधीच आरपार भोक पाडून घेतलं होतं, त्यांतून फळीच्या पोटाकडून दोन स्क्रू. मागची कड तिथं बांधलेली, पुढची कड मोकळी.

फळी तेरा किलो भरली होती. दोघांनी उचलून सळयांच्या तोंडाशी आणली. निम्मी गेली आणि थांबली. काकांनी हाताच्या तळव्यानं दोन ठोके दिले, खाटेकडच्या बाजूला एक, पलीकडे एक, आणि ती लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत भिंतीला जाऊन टेकली. भोकांतली हवा बाहेर आली होती.

त्या संध्याकाळी सिमेंटची ५० किलोची गोणी आणि तिच्यावर तांदळाची दहा किलोची, दोन्ही बांधून खाटेकडच्या टोकाच्या पुढच्या कडेला लोंबत सोडल्या. जमिनीपासून माप घेतलं. रात्रभर मी दोनदा उठून बॅटरीनं बघून आले. सकाळी फळी दोन मिलिमीटर खाली होती. गोणी काढली, तशी ती परत वर आली.

---

अण्णांचा हात मात्र लगेच आला नाही. हात भिंतीकडे जायचा, फळीच्या वर थांबायचा, आणि खाटेची दांडी धरायला परत यायचा. मी काही बोलले नाही. मनगट दुखलं होतं ते आता दुखत नव्हतं, पण हाताला ती पहाट आठवत होती. जवळजवळ दीड महिना असा गेला. फळीवर रेडिओ आला, चष्मा आला, पंचांग आलं, आईच्या दोन बरण्या आल्या. हात तेवढा यायचा राहिला.

एप्रिलमध्ये एका रात्री वीज गेली. मी स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होते. माजघरात खाट करकरली. मी जागच्या जागी थांबले, कारण अंधारात धावत गेले असते तर दचकवलं असतं त्यांना. मग लाकडावर अंगठी लागल्याचा बारीक आवाज आला, टक्. एक श्वास. आणि पाठोपाठ वॉकर फळीखालून बाहेर सरकल्याचा.

त्याला आता दोन पावसाळे झाले. काल फळी पुसायला रेडिओ उचलला, तर त्याच्याखाली लाकूड अजून हळदीसारखं पिवळं आहे, चौकोनी, कडा आखल्यासारख्या. बाकी सगळी फळी मधाच्या रंगाची झाली आहे, आणि खाटेकडच्या टोकाला, जिथं कोपरा उडाला होता त्याच्या शेजारी, तळहाताएवढी जागा त्याहून गडद, गुळगुळीत. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी पिवळ्या चौकोनावर बोट फिरवलं, बराच वेळ.

"रेडिओ परत तिथंच ठेव," म्हणाले. "बरोब्बर त्याच जागी."